टाचण्यांवरचे पडदे

पडदेकाकूंना राग येतो असं म्हणण्यात अर्थ नाही. राग त्यांच्याकडे कायमच्या वस्तीलाच असतो. सकाळी त्यांच्याबरोबर उठतो, चहा घेतो आणि शिलाई मशीनशेजारी बस्तान मांडतो. त्याला फक्त रोज नवं कारण लागतं, आणि जग इतकं उदार की काकूंना कारणांची टंचाई कधी जाणवली नाही.

"इकडे बघा, इकडे!" हातातल्या पडद्याचा काठ नवऱ्याच्या नाकाखाली धरत काकू म्हणत. "याला टाके म्हणायचे? ज्याने हे घातले त्याला झोप कशी लागते?"

"छान लागत असेल," नवरा वर्तमानपत्रामागून म्हणे. "ते टाके बघत तू बसतेस. तो कशाला बसेल?"

हा नवरा जन्मभर पाणीपट्टीच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाला. आयुष्यात त्याने पडद्याला हात लावला असेल तो हात पुसायला. तरी सारी गल्ली त्याला पडदेकाका म्हणते. हे त्याला मुळीच आवडत नाही. पण बायकोच्या नावाने ओळखला जाणारा माणूस ज्या शहाणपणाने गप्प बसतो, तसा तोही गप्प बसतो.

काकूंचं दुकान म्हणजे त्यांच्या तळमजल्यावरच्या घराची बाहेरची खोली. खोलीत एक दांडगं टेबल आहे. ते आधी आत आलं असावं आणि भिंती मागाहून बांधल्या असाव्यात, असं वाटतं. टेबलाखाली लोकांच्या पडद्यांच्या पिशव्या, टेबलावर टेप, कात्री, खडू आणि इस्त्री. दारातून आत येणाऱ्याला पोट आत घेऊन आडवं सरकावं लागतं. खिडकीचा काकूंचा स्वतःचा पडदा मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांचा आहे. अर्धा फुलांचा, अर्धा पट्ट्यांचा आणि एका कोपऱ्यात चक्क बदकं. कुणी हसलंच तर काकू म्हणतात, "माझ्या खिडकीला कोण पैसे देणार आहे?"

बाकी जगातल्या खिडक्यांवर मात्र त्यांची करडी नजर. कुणाच्या घरी भेटायला गेल्या की यजमानांची खुशाली विचारायच्या आधी यांचा हात पडद्याच्या काठाशी. एकदा पुतण्याचं अपेंडिक्स काढलं म्हणून इस्पितळात गेल्या, तर पुतण्या राहिला बाजूला, दोन खाटांमधल्या पडद्याचा काठ उलटून यांचं सुरू झालं, "शी! कच्चे टाकेसुद्धा काढले नाहीत!" शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नुकतेच टाके पडले होते. त्याने घाबरून पांघरूण वर ओढलं.

आता हा सगळा संताप अस्तराच्या पडद्यांवर का केंद्रित झाला, ते समजून घ्यायला हवं. साधा एकपदरी पडदा म्हणजे सरळमार्गी प्राणी. लांब झाला तर खालून दुमडा, टीप मारा, मोकळे व्हा. अस्तराचा पडदा म्हणजे एकत्र कुटुंब. वरचं कापड वेगळ्या स्वभावाचं, आतलं अस्तर वेगळ्या स्वभावाचं, आणि दोघांना जन्मभर एका दांड्यावर लटकायचंय. वरचं जड कापड टांगलं की आठवडाभरात ताणून खाली येतं. अस्तर जागचं हलत नाही. कधी उलटं होतं, अस्तरच सैलावतं आणि खालून डोकावायला लागतं. "अस्तर म्हणजे पडद्याचा परकर," काकू म्हणतात. "असायला हवा, दिसायला नको."

ही विद्या काकूंना मिळाली एका म्हाताऱ्या शिंप्याकडून. लग्न नवं होतं, पाणीपट्टीचा पगार महिन्याच्या मध्यावरच दम तोडायचा, म्हणून काकू त्याच्या दुकानात हातशिलाईला जायला लागल्या. मास्तर बोलायचा कमी आणि खोकायचा जास्त. दोन खोकल्यांच्या मधे त्याने तीन गोष्टी शिकवल्या. अस्तर वरच्या कापडापेक्षा बोटभर आखूड ठेवायचं. पडदा आधी नुसत्या टाचण्या लावून गिऱ्हाइकाच्या खिडकीत लोंबू द्यायचा, त्याचं काय ताणायचं-सैलायचं ते होऊ द्यायचं, मग काठ शिवायचा. आणि दुरुस्ती म्हणजे नव्याच्या निम्मे पैसे.

पहिल्या दोन गोष्टी सोळा आणे खऱ्या होत्या. तिसरी साफ खोटी होती. पण तिन्ही एकाच दमात कानावर पडल्यामुळे काकूंनी तिन्ही गाठीला बांधल्या. अर्धं आयुष्य त्यांनी अस्तराचे पडदे निम्म्या पैशांत लहान करून दिले, मोठे करून दिले, आणि रात्री पाठीला शेक घेताना आपली पाठ का मोडते याचा विचार केला नाही.

तो विचार एका दुपारी आला. एका बाईंचे निळे पडदे उसवत काकू बसल्या होत्या. आधीच्या कारागिराने काठावर टिपेवर टीप मारली होती, एक चुकली म्हणून दुसरी, दुसरी लपवायला तिसरी. ब्लेडने एकेक धागा तोडताना काकूंचा हात मधेच थांबला.

"अहो!"

"काय?" आतून काका.

"नवीन पडदा शिवताना मी काय करते?"

"शिवतेस."

"कापते, अस्तर बेतते, टाचते, शिवते. झालं. आणि जुना लहान करताना? आधी दुसऱ्याचं पाप उसवते. मग भोकं दाबून इस्त्री करते. मग जुनी घडी जात नाही म्हणून पुन्हा इस्त्री. उन्हाने विटलेला पट्टा कुठे लपवायचा ते बघते. पडदा सरळ पडावा म्हणून कोपऱ्यात शिवलेली वजनं काढून परत बसवते. अस्तर वेगळं मापते. आणि ते सगळं झाल्यावर जे नव्याला करते ते सगळं परत करते!"

"बरं मग?"

"मग निम्मे कसले? कशाचे निम्मे?" काकू उठूनच उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मांडीवरचे धागे खोलीभर उडाले. "मी लोकांच्या खिडक्यांना दान देत बसलेय का इतकी वर्षं?"

काका दारात आले. बायकोचा चेहरा पाहून आणखी पुढे येणं त्यांनी टाळलं. "मास्तर तसंच घ्यायचा ना पण."

"मास्तर उसवायचा कधी? उसवायला मी होते!"

वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर काकूंच्या ध्यानात आलं की आपण फार मोठं सत्य बोललो. म्हाताऱ्याला निम्म्यात परवडायचं, कारण निम्मं काम करायला त्याच्याकडे काकू होत्या. मास्तर कधीच देवाघरी गेला होता, म्हणून वाचला.

त्याच दिवशी नवा दर जाहीर झाला. एकपदरी पडद्याची दुरुस्ती नव्याच्या निम्म्यात. "त्यात काही नसतं, जास्त घेणं म्हणजे लूट." अस्तराचा पडदा असेल तर नव्याच्या शिलाईइतके पूर्ण पैसे. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही.

"गिऱ्हाइकं पळतील," काका म्हणाले.

"पळू देत. पळताना आपापले पडदे घेऊन पळा म्हणावं."

पण गिऱ्हाइकं राहणार की पळणार हे काकूंच्या हातात नव्हतं. ते होतं काकांच्या थोरल्या बहिणीच्या हातात. नणंदबाईंना एखादी गोष्ट कळली की ती पेपरात छापायची गरज उरत नाही. आजवर काकूंकडे आलेल्या पिशव्यांपैकी बहुतेक नणंदबाईंच्या तोंडी जाहिरातीवर आल्या होत्या. नणंदबाईंनी ठरवलं तर नवा दर आठवड्यात रुळेल आणि त्यांनी ठरवलं तर आठवड्यात मरेल. हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. आणि नशीब असं, की नव्या दराची पहिली पिशवी घेऊन पोट आत ओढत, आडव्या सरकत दारातून आल्या त्या खुद्द नणंदबाईच.

"हुश्श! अगं, हे टेबल जरा पातळ करता येत नाही का?" पिशवी टेबलावर आदळत त्या म्हणाल्या. त्यांनी नुकतंच घर बदललं होतं. नव्या घराची छतं बुटकी आणि खिडक्याही तशाच. जुन्या घरचे जाड हिरव्या मखमलीचे, आतून मलईरंगी अस्तराचे पडदे जमिनीवर लोळत होते. "काही नाही, नुसतं खालून कापायचंय. माझी कात्री चालली असती तर मीच केलं असतं."

काकूंनी एक खोल श्वास घेतला. आतल्या खोलीत काकांनी तो ऐकला आणि ते हळूच मागच्या दाराने भाजी आणायला गेले.

"ताई, नुसतं खालून कापून कसं चालेल? अस्तर आहे ना."

"मग तेही काप! आपलंच आहे."

"काठ उसवायला लागतो ताई. दोन्हींचे वेगवेगळे. वजनं काढायची, इस्त्री, मग तुमच्याकडे येऊन टांगायचे, टाचण्या लावायच्या, लोंबू द्यायचे, मग हातशिलाई. आणि आता दर बदललाय. अस्तराच्या दुरुस्तीला नव्याइतकेच पैसे."

नणंदबाईंनी जगातल्या सगळ्या नणंदांच्या वतीने विचारलं, "घरच्यांनासुद्धा?"

"घरच्यांचं अस्तर काय आपोआप उसवतं?"

"नाही गं, पण लोक काय म्हणतील? बहिणीकडून पैसे घेतले म्हणून?"

"ताई, तुमचे बंधू शिवणार असते तर त्यांनी नसते घेतले. मी शिवतेय."

नणंदबाईंनी मखमलीवरून हात फिरवला, खिडकीतल्या बदकांकडे पाहिलं, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं बाई. तुझा दर तो तुझा दर. पण एक. काम पुरं झालं की पैसे. आधी नाही."

यात गैर काही नव्हतं. काकू सगळ्यांकडूनच काम झाल्यावर पैसे घेत. लढाई इतक्या सहज जिंकली याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. मनात तयार केलेली बरीच चांगली वाक्यं वाया गेली होती.

मग काकू कामाला लागल्या. मखमल उसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं आहे. कुठूनही धरा, उलटी लव अंगावर येते. आठवडाभर घरात हिरवी लव उडत होती. काकांच्या चहात लव, वर्तमानपत्रावर लव. शेवटी काकू पडद्यांचा भारा घेऊन नणंदबाईंच्या नव्या घरी गेल्या, ते टांगले आणि जमिनीवर बसून टाचण्या लावायला लागल्या. वरच्या कापडाला एक रांग, अस्तराला बोटभर वर दुसरी रांग. गुडघ्यांवर सरकत, मान वाकडी करत, तोंडात टाचण्या धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. उठल्या तेव्हा पडदे असे सुरेख पडले होते की नणंदबाईंचे यजमान, जे सहसा टीव्हीशिवाय कशाकडे बघत नाहीत, तेही म्हणाले, "वा!"

"झालं की गं!" नणंदबाई म्हणाल्या.

"झालं कसलं? अजून लोंबायचेत. आठ-दहा दिवस राहू देत. मग मी येऊन बघते, ताणलेत तिथे टाचण्या हलवते आणि घरी नेऊन शिवते. तोवर झाडताना जरा जपून."

"हो, हो," नणंदबाई पडद्यांकडे बघत म्हणाल्या. ते 'हो, हो' काकूंनी नीट ऐकायला हवं होतं.

दहा दिवस गेले. काकूंनी फोन केला. "अगं, घरात रंगारी आहे." परत फोन केला. "अगं, यांना सर्दी झालीय." सर्दी झालेल्या माणसाच्या घरातले पडदे शिवायला का नेता येत नाहीत, हे काकूंना कळेना. पण आजारी माणसाचं नाव काढलं की वाद घालता येत नाही. महिना उलटला.

मग एका रविवारी काका बहिणीकडे जाऊन आले. पायातले जोडे काढता काढता सहज म्हणाले, "पडदे काय झकास दिसतायत गं ताईकडे."

"दिसणारच. कधी आणू म्हणाल्या शिवायला?"

"शिवायला?" काकांनी एक जोडा हातातच धरला. आपण सुरुंगावर पाय ठेवलाय हे त्यांना कळलं, पण पाय ठेवून झाला होता. "ती म्हणत होती... म्हणजे सहज म्हणत होती हं... की टाचण्यांवरच इतके छान राहिलेत, तर उगाच कशाला शिवत बसायचं."

काकूंनी हातातली कात्री अगदी हळू टेबलावर ठेवली. अशा वेळी मांजरंसुद्धा घराबाहेर जातात.

"टाचण्यांवरच," काकू म्हणाल्या.

"भाऊजींच्या टाचेत एक घुसली परवा. पण ती म्हणाली, चप्पल घालून हिंडा घरात."

"आणि माझे पैसे?"

"ती म्हणाली, काम पुरं झालं की देईन." एवढं बोलून काकांनी काढलेला जोडा परत पायात घातला.

त्यानंतर काकू जे बोलल्या ते तीन मजल्यांनी ऐकलं. काम पुरं झालं की पैसे, आणि काम पुरं होऊच द्यायचं नाही! म्हणजे उसवणं फुकट, इस्त्री फुकट, गुडघे फुकट, आणि वर टाचण्या आमच्याच! घर बांधायला घेतलं, भिंती उभ्या राहिल्या, आणि छप्पर नको म्हणून गवंड्याला हाकलून दिलं, तर भिंती काय पावसासारख्या आकाशातून पडल्या? काका मधूनमधून "खरंय" म्हणत होते. ते काकूंना आणखी झोंबत होतं, कारण खरं काय आहे ते त्यांना माहीतच होतं. त्यांना कुणीतरी विरोध करणारा हवा होता.

तरीही काकू कदाचित गप्प बसल्या असत्या. थोरली नणंद आहे, नवऱ्याची एकुलती एक बहीण आहे, असं म्हणून गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण आली. चांगली गडगंज बाई. हातात पिशवी, पिशवीत पडदे, पडद्यांना अस्तर.

"काकू, दर वाढवलात म्हणे?"

"वाढवला नाही. बरोबर केला."

"ते असू दे. आम्हाला तुमच्या नणंदबाईंसारखंच करून द्या. शिवू नका, नुसत्या टाचण्या लावून द्या. त्यांना काहीच पडलं नाही म्हणे. त्या सगळ्यांना सांगतायत."

*सगळ्यांना.* काकूंच्या डोळ्यांपुढे शहरभरच्या खिडक्या आल्या, आणि प्रत्येक खिडकीत टाचण्यांवर लटकलेले पडदे. सगळे उसवलेले त्यांनी, सगळे टाचलेले त्यांनी, आणि सगळे फुकट. दर मेला होता. मेला तर मेला, आता त्याच्यामागोमाग धंदाही निघाला होता.

"बाई," काकू अतिशय हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या दुकानात येऊन मी अर्धी बाटली औषध पिते, खोकला थांबला की उरलेली परत देते. पैसे बाटली संपली की. चालेल?"

औषधवाल्या बाई पिशवी उचलून आडव्या सरकत निघून गेल्या. काकूंनी टेबलावरची टाचण्यांची डबी उचलली. रिकामी होती. असणारच. टाचण्या कुठे होत्या ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. मनगटावर टाचण्या टोचायची छोटी उशी बांधली, पायात चपला सरकवल्या आणि काकू निघाल्या.

"अगं, मी येऊ का?" काका म्हणाले.

"तुम्ही बहिणीच्या बाजूने येणार की माझ्या?"

काकांनी या प्रश्नावर नीट विचार केला आणि ते घरीच थांबले.

नणंदबाईंच्या घरी त्या संध्याकाळी नव्या इमारतीतल्या बायका चहाला जमल्या होत्या. ओळखी व्हाव्यात, घर दिसावं आणि मुख्य म्हणजे पडदे दिसावेत, असा बेत असावा. बिस्किटं बशीत फेर धरून बसली होती. दार भाऊजींनी उघडलं. घरात चप्पल घालून आणि एका पायाने जरासे लंगडत ते मागे सरले.

"या या! अगं, बघ कोण आलंय!"

"बसा, बसा, उठू नका कुणी," काकू गोड हसून म्हणाल्या. "ताई, तुमचं चालू द्या. मी माझ्या टाचण्या न्यायला आलेय. घरातल्या संपल्या."

आणि काय होतंय ते कुणाला कळायच्या आत काकू मोठ्या खिडकीखाली फतकल मारून बसल्यासुद्धा. पहिली टाचणी निघाली, उशीवर गेली. दुसरी निघाली. उशी लहान, तेव्हा उरलेल्या ओठांत धरायला लागल्या. हात असा सरसर चालला होता जसा शेंगा सोलणारीचा चालतो. एका बाजूने वरचं कापड सुटलं. मखमलीने एक सुस्कारा टाकला आणि ती जमिनीवर पसरली. मागोमाग अस्तर घसरलं, आणि उसवलेला, धागे लोंबणारा, दोऱ्यांचे ठिपके ठिपके असलेला मलईरंगी काठ सगळ्या मंडळींसमोर उघडा पडला.

"अगं बाई!" एक पाहुणी म्हणाली. तिने चक्क तोंड दुसरीकडे वळवलं.

"अगं, काय करतेस हे!" नणंदबाई उठल्या.

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी फक्त "ऊं" केलं आणि त्या पुढच्या पडद्याकडे सरकल्या.

"म्हणजे हे शिवलेलेच नव्हते?" एका पाहुणीने विचारलं. प्रश्न साधा होता, पण विचारताना तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने बिस्किटाकडे पाहिलं.

नणंदबाई घरात कितीही काटकसरी असोत, बाहेर त्यांची पत फार मोठी. नव्या शेजारणींसमोर आपण फुकटच्या टाचण्यांवर संसार थाटलाय असं म्हणणं त्यांना मरणप्राय होतं. त्यांनी एकदा पडद्यांच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे, आणि विजेच्या वेगाने बाजू बदलली.

"शिवलेले कसे असतील?" त्या हसून म्हणाल्या. "अहो, असंच असतं ते! उत्तम कारागीर आधी पडदा लोंबू देतात. महिना-महिना लोंबू देतात! मग शिवतात. माझी भावजय आहे ही. आज न्यायला येणार असं ठरलंच होतं."

भाऊजींनी तोंड उघडलं. नणंदबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींनी बिस्किट तोंडात घातलं.

"घरातच कारागीर! मग तुम्हाला फुकटच असेल," शेजारीण म्हणाली.

"छे!" नणंदबाई छाती भरून म्हणाल्या. "आम्ही घरच्यांकडून फुकट काही करून घेत नाही. हिचा दर शहरात सगळ्यात जास्त. नव्याच्या दुप्पट घेते अस्तराला! पण काम बघा ना. चांगलं हवं तर मोजायला लागतात."

काकूंनी झटकन मान वर केली. दुप्पट? कोण दुप्पट घेतं? "ऊं! ऊंऊं!" त्यांनी जोरजोराने मान हलवली, पण ओठांत टाचण्यांचं कुंपण. पाहुण्यांना वाटलं की बाई नणंदेचं म्हणणं पक्कं करतायत.

"दुप्पट! बाप रे," शेजारीण आदराने म्हणाली, आणि सरकून तिने काकूंना बसायला जागा दिली.

काकू पडदे घेऊन घरी आल्या. टाचण्यांच्या खुणांवरून, महिनाभरात जिथे ताणलं होतं तिथे हात देत, त्यांनी काठ शिवले. त्या आठवड्यात त्या कुणाशीच धड बोलल्या नाहीत, आणि काकांनी पेपर अथपासून इतिपर्यंत, निविदांसकट वाचून काढला. पडदे टांगून झाले तेव्हा नणंदबाईंनी कपाटातून पैसे काढून दिले. दुप्पट नाही. नव्याइतके, ठरलेले, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. देताना एवढंच म्हणाल्या, "मोजून घे हं. नंतर म्हणशील."

"ताई, पण तुम्ही दुप्पट का सांगितलंत?"

"मग काय निम्मे सांगू? तुलाच वाईट वाटलं असतं."

यावरचं उत्तर काकूंनी घरी पोहोचल्यावर दिलं, आणि ते ऐकायला काका होतेच.

चार दिवसांनी नणंदबाईंची ती शेजारीण आली. आडवी सरकत, पिशवी छातीशी धरून. अस्तराचे पडदे, मोठ्या खिडकीचे. टेबलावर पिशवी ठेवायच्या आधीच तिने पर्समधून नोटांची घडी काढली. "दुप्पट बरोबर आणलेत. आगाऊच ठेवा."

"कसले दुप्पट?" काकू कडाडल्या. "अस्तराच्या दुरुस्तीला नव्याइतके. दुप्पट कशाचे? मी काय दरोडेखोर आहे?"

शेजारणीचा चेहरा पडला. "म्हणजे मला साधं काम करून देणार? ताईंसारखं नाही?"

"ताईंसारखंच!"

"मग त्यांच्याकडून दुप्पट घेतलेत आणि माझ्याकडून—"

"नाही घेतले!"

"त्या स्वतः म्हणाल्या. तुम्ही शेजारी बसून मान हलवत होतात."

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या!"

"अगं, देतायत तर घे ना," आतून काका म्हणाले. आयुष्यभर कमी बोलून कमावलेली पुण्याई त्यांनी या पाच शब्दांत उधळली.

"गप्प बसा तुम्ही! निम्मे देत होते तेव्हाही लूट होती, दुप्पट देतायत तीही लूटच. तेव्हा लुटली जाणारी मी होते, आता या बाई आहेत, एवढाच फरक!" आणि शेजारणीकडे वळून, टेबलावर बोट आपटत, उसवण्यापासून हातशिलाईपर्यंतचं अख्खं काम त्यांनी तिला ऐकवलं. दर नव्याइतका का, निम्मा का नाही, दुप्पट का नाही. घसा बसेपर्यंत काकू आपलाच दर खाली ओढत होत्या, आणि बाई तो सोडायला तयार नव्हती. शेवटी एकदाचं शेजारणीला पटलं. तिने नोटांची अर्धी घडी पर्समध्ये परत ठेवली, सुखाचा सुस्कारा टाकला, आणि उरलेल्या घडीकडे प्रेमाने बघत म्हणाली, "बरं झालं बाई विचारलं. मग आता यात आणखी थोडे कमी होतील का?"

आतल्या खोलीत वर्तमानपत्र सळसळायचं थांबलं.

"नाही," काकू म्हणाल्या.

त्या एका शब्दामागून आणखी काही येत नाही असं दिसल्यावर शेजारणीने पिशवी टेबलावर ठेवली. काकूंनी वरचा पडदा ओढला, काठ उलटला, अस्तर बोटांत धरून उजेडाकडे नेलं, आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर चढायला लागल्या.

"हे," त्या म्हणाल्या, "अस्तर आणि कापड एकत्र धरून टीप मारलीय! एकत्र! अहो, इकडे या! बघा तरी हे! कुणी केलंय हे?"

"काय झालं?" म्हणत काका पेपर खाली ठेवून बाहेर आले.

"आमच्या सासूबाईंनी," शेजारीण खालच्या आवाजात म्हणाली, आणि स्टूल ओढून ऐकायला बसली.